मूस साहेबांची बिनलोखंडी इमारत

एमआरआयच्या खोलीत शिरण्याआधी रुग्णाची कसून तपासणी होते. किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल, केसांतल्या पिना, मोबाइल, सगळे बाहेर. शरीरात पेसमेकर किंवा जुनी धातूची क्लिप असेल तर डॉक्टर आधी कागदपत्रे मागतात. खोलीतले चुंबक इतके ताकदवान असते की प्राणवायूचे लोखंडी सिलिंडर सहज ओढले जाऊन बंदुकीच्या गोळीसारखे आत घुसू शकते. महाराष्ट्रात आणखी एक खोली आहे, जिथे लोखंड न्यायला अशीच सक्त मनाई आहे. ती अलिबागच्या किनाऱ्यावर आहे आणि एमआरआयचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, १९०४ साली, तिथले काम सुरू झाले. तिथे मनाईचे कारण मात्र उलटे आहे. तिथे मोजायचे चुंबकत्व इतके दुबळे आहे की दाराला मारलेला साधा खिळाही त्याचा आकडा बिघडवू शकतो.

ही इमारत उभी करवून घेणाऱ्या माणसाचे नाव नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा, पारशी कुटुंबातला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी त्याच कुलाबा वेधशाळेत एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे हौशी खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग कागदावर उतरवीत होते. डागांच्या एका पुंजक्यात त्यांना अचानक डोळे दिपवणारा प्रकाश दिसला आणि काही मिनिटांत विझला. पुढे १७ ते १८ तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे ठप्प झाली, काही ठिकाणी त्यांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्यात तेव्हा आपोआप नोंद करणारे यंत्र नव्हते. टांगलेल्या चुंबकाकडे दुर्बिणीतून बघायचे आणि आकडा वहीत लिहायचा, अशी पद्धत होती. २ सप्टेंबरला हे आकडे वेडेवाकडे होऊ लागले, तेव्हा तिथल्या निरीक्षकांनी तासाची वाट न पाहता मिनिटांच्या अंतराने वाचन चालू ठेवले. पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर भाग त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता. शांत दिवशी तो काही दशक नॅनोटेस्लांपेक्षा जास्त हलत नाही. एवढी घसरण नीट नोंदवणाऱ्या जागा जगात विरळाच होत्या. त्या निरीक्षकांची नावे आज कोणी घेत नाही, पण वही राहिली. मूस यांच्या आयुष्याचे मुख्य काम म्हणजे ही वही खंडित होऊ न देणे.

ते काम का अवघड होते, हे कळण्यासाठी चुंबकत्व म्हणजे काय ते थोडे पाहावे लागेल.

शाळेत चुंबक म्हणजे लोखंड ओढणारा दगड, एवढ्यावर गोष्ट थांबते. निसर्गात मूलभूत बले चार. गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातली दोन बले, एक प्रबळ आणि एक दुर्बल. या यादीत चुंबकत्व एकटे नाही, ते विजेशी जोडलेले आहे. विद्युतभार स्थिर असेल तर फक्त विजेचे ओढणे-ढकलणे दिसते. तोच भार चालू लागला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. १८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेड यांना दिसले की तारेतून प्रवाह सोडला की शेजारची चुंबकसूची वळते. १८३१ मध्ये फॅरेडे यांनी उलट बाजू दाखवली: चुंबक हलवला तर तारेत वीज निर्माण होते. मग मॅक्सवेल यांनी दोन्ही बाजू गणितात एकत्र बांधल्या आणि प्रकाशसुद्धा याच क्षेत्रांची लाट आहे हे त्यातून निघाले. भिवंडीच्या यंत्रमागांना फिरवणारी मोटर याच नियमावर चालते. प्रवाह वाहणारी तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली की तिला बाजूला धक्का बसतो. त्या धक्क्याने आस फिरते, आसाने माग चालतो आणि धोटा इकडून तिकडे जातो.

मग साध्या चुंबकपट्टीत कुठला प्रवाह? तिला तर तारही नाही, बॅटरीही नाही. उत्तर इलेक्ट्रॉनमध्ये आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हे स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असते. बहुतेक पदार्थांत ते जोडीजोडीने उलटसुलट बसतात आणि एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. लोखंडाच्या अणूत काही इलेक्ट्रॉन जोडीविना राहतात, आणि शेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करून राहणे पसंत करतात. असे कोट्यवधी अणू एकत्र रांगेत आले की पट्टीला चुंबकत्व येते. तापवली की रांग मोडते. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते.

इथे एक कोडे उभे राहते. इ. स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट यांनी पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे असे दाखवून दिले. हे गिल्बर्ट पेशाने डॉक्टर होते, पुढे एलिझाबेथ राणीचे वैद्य झाले. वैद्यकीच्या धंद्यातल्या माणसांना हे ऐकून बरे वाटते. पण पृथ्वीचा गाभा तर हजारो अंश तापलेला. तिथे कायमचा चुंबक टिकणेच शक्य नाही. याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीच्या खाली वितळलेले लोखंड घुसळत असते, ते विजेचे वाहक आहे, आणि त्यात फिरणारे प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. म्हणजे पृथ्वी चुंबकपट्टीसारखी नाही. ती डायनॅमोसारखी चालते, आणि म्हणूनच तिचे चुंबकत्व वर्षागणिक थोडे थोडे बदलत राहते. आज दिघाशीच्या शेतात होकायंत्र ठेवले तर त्याची सूची खऱ्या उत्तरेपासून एका अंशाहूनही कमी ढळलेली दिसेल. जगात अनेक ठिकाणी हाच फरक दहा-वीस अंशांचा असतो. आपल्याकडे तो इतका कमी आहे हा काळाचा आणि जागेचा योगायोग.

हे बदल मोजायला जगभर वेधशाळा हव्यात, अशी चळवळ जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी १८३० च्या दशकात सुरू केली. ईस्ट इंडिया कंपनीने तिला प्रतिसाद दिला. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होती, तिचे काम जहाजांसाठी वेळ सांभाळण्याचे आणि आकाशाचे वेध घेण्याचे. १८४१ मध्ये तिथे एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय आणि हवामानाची निरीक्षणे सुरू झाली. त्यांच्या हाताखाली काम करायला एक कोवळा मराठी मुलगा आला. हा अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे पुण्यात गणित शिकवणारे आणि टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले केरूनाना. शिमला आणि सिंगापूर इथली अशीच केंद्रे काही वर्षांतच बंद पडली. कुलाबा चालू राहिले, आणि १८४६ पासून तिथल्या नोंदी नियमित झाल्या.

मूस मोठे होत होते तेव्हा ही नोंद वहीतून छायाचित्राच्या कागदावर गेली. चुंबकाला बारीक आरसा लावायचा, दिव्याचा किरण त्यावर सोडायचा, आणि परावर्तित ठिपका घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या प्रकाशसंवेदी कागदावर पाडायचा. चुंबक केसभर जरी हलला तरी ठिपका दूरवर सरकतो आणि चोवीस तासांची रेघ आपोआप उमटते. ४ फेब्रुवारी १८७२ च्या मोठ्या वादळात मुंबईच्या आकाशातही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. मूस तेव्हा बारा वर्षांचे होते.

त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल. सी. ई. ही स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळवली आणि मग स्कॉटलंडला जाऊन एडिंबरो विद्यापीठात विज्ञान शिकले. एडिंबरोत तेव्हा भौतिकशास्त्राचे अध्यासन पीटर टेट यांच्याकडे होते; टेट हे मॅक्सवेल यांचे शाळेपासूनचे मित्र. विजेचे आणि चुंबकाचे नवे गणित ज्या गावात ताजे होते, तिथे मूस यांची घडण झाली. पुढे एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले फेलो केले. मायदेशी परतल्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. अभियंत्याची पदवी आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास ही जोडगोळी त्या वेळी विशेष वाटली नसेल. पण अलिबागला जे घडले, त्यात दोन्ही लागले.

१८९६ मध्ये वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाले आणि मूस यांच्याकडे कारभार आला. वय ३६. शास्त्रीय खात्यांतल्या वरच्या जागा तोवर इंग्रजांसाठीच राखल्यासारख्या असत. वर्षही साधे नव्हते. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून पळाली. गिरण्या ओस पडल्या, बाजार बंद झाले. कुलाब्याच्या नोंदींची मालिका मात्र त्या वर्षांतही तुटली नाही. प्लेगच्या इतिहासात हाफकिन यांच्या लशीची गोष्ट येते, आणि ती यायलाच हवी. पण अशा काळात रोज दिव्याची वात नीट करणाऱ्या, कागद बदलणाऱ्या आणि आकडे उतरवणाऱ्या कारकुनांची गोष्ट कुठेच येत नाही.

१८९७ च्या आसाम भूकंपानंतर हिंदुस्थानात भूकंपमापक यंत्रे बसवायचे ठरले, त्यांपैकी एक मिल्न यांच्या बनावटीचे यंत्र कुलाब्यात आले. हा मूस यांच्या कामाचा दुसरा धागा, पण तो इथे सोडून देऊ. खरे संकट रुळांवरून येत होते.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, आणि त्यांचा पहिला मार्गच कुलाब्याहून पायधुणीकडे जाणारा. घोड्यांच्या ट्रामचा वेधशाळेला काही त्रास नव्हता. विसावे शतक उजाडता उजाडता या ट्राम विजेवर चालवण्याचा बेत पुढे आला, आणि वेधशाळेसमोर जगण्या-मरण्याचा प्रश्न उभा राहिला.

विजेच्या ट्रामला एकदिश प्रवाह वरच्या तारेतून मिळतो आणि तो रुळांमधून वीजघराकडे परततो. जाणारा आणि येणारा प्रवाह अगदी शेजारून गेले, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे बरीचशी एकमेकांना खोडून काढतात. पण रूळ जमिनीत रोवलेले असतात. परतीचा प्रवाह रुळांतून गळून ओलसर जमिनीत, पाण्याच्या नळांत, वाट सापडेल तिकडे पसरतो. आता आकडे पाहा. लांब सरळ मार्गाने १०० अँपिअरचा एकटा प्रवाह वाहत असेल तर १०० मीटरवर त्याचे क्षेत्र २०० नॅनोटेस्ला भरते. सूर्यामुळे होणारा रोजचा चढउतार पन्नासच्या आसपास. शिवाय ट्राम थांबते, निघते, चढ चढते, आणि प्रत्येक वेळी प्रवाह बदलतो. अशा ठिकाणी टांगलेला चुंबक सूर्याची हालहवाल सांगण्याऐवजी ट्रामचे वेळापत्रक सांगू लागला असता. रात्री ट्राम बंद असताना वाचन घ्यावे, तर चुंबकीय वादळे रात्र पाहून येत नाहीत.

हे नुसते भय नव्हते. कॅनडात टोरोंटोची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राममुळे १८९८ मध्ये शहराबाहेर हलवावी लागली होती. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेची गत तीच झाली, तिचे चुंबकीय काम १९०८ मध्ये स्कॉटलंडच्या माळरानावर गेले.

मूस यांच्यापुढे मार्ग होते. शास्त्राच्या नावाने ट्रामला विरोध करत बसायचे, हा एक. तो जिंकता आला असता असे वाटत नाही, आणि जिंकून लाखो माणसांच्या शहराला घोड्यांच्या ट्रामवर अडकवून ठेवणे योग्यही नव्हते. दुसरा मार्ग हात वर करण्याचा. नोंदी बिघडल्या तर बिघडल्या, सरकारची मर्जी. मूस यांनी ट्रामला संमती दिली, पण अट घातली. आधी पर्यायी जागा, तिथे नवी इमारत, आणि दोन्ही ठिकाणच्या यंत्रांना काही काळ एकत्र चालवण्याची मुभा. मगच विजेची ट्राम.

जागा ठरली अलिबागची. मुंबईपासून सरळ रेषेत जेमतेम ३० किलोमीटर, कुलाबा किल्ल्यासमोरच्या किनाऱ्याला लागून. कारखाना नाही, रेल्वे नाही, आणि कधी काळी येईल अशी चिन्हेही नाहीत. योगायोग असा की कुलाब्यात साठ वर्षांपूर्वी चुंबकाचे आकडे टिपणाऱ्या केरूनानांचे नागाव इथून जवळच.

आता इमारत. कोकणात बांधकामाचा दगड म्हणजे काळा पाषाण, डोंगर फोडला की तोच निघतो. पण हा बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हारस आणि त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. लाव्हा थंड होताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेने रांगेत बसले आणि तसेच गोठले. भूगर्भशास्त्रज्ञांना ही पर्वणी, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खन कुठे होते हे त्यावरून काढता येते. चुंबकीय वेधशाळेच्या भिंतीत असा दगड बसवणे म्हणजे तापमापकाशेजारी शेगडी पेटवून ठेवण्यासारखे. म्हणून दगड आणला काठेवाडातून, पोरबंदरचा, फिकट रंगाचा, चुंबकत्व नसलेला. दारे-खिडक्या लाकडाच्या, बिजागऱ्या, कड्या, खिळे पितळेचे आणि तांब्याचे. लोखंड कुठेही नाही. चुंबकाची ताकद तापमानाने बदलते, म्हणून आतले तापमान शक्य तितके स्थिर राहील याचीही काळजी घ्यावी लागली. या टप्प्यावर मूस यांची एल. सी. ई. कामाला आली असणार.

अलिबागला १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. कुलाबा मात्र लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालले. हा निर्णय वरवर खर्चिक आणि संथ वाटतो, पण सगळ्या प्रकरणातला शहाणपणा इथेच आहे. एखाद्या रुग्णाचे वजन वर्षानुवर्षे एका काट्यावर घेतले जात असेल आणि काटा बदलायची वेळ आली, तर त्याला एकाच दिवशी दोन्ही काट्यांवर उभे करावे लागते. नाहीतर पुढच्या महिन्यात दिसलेले दोन किलो रुग्णाचे की काट्याचे, हे कधीच कळणार नाही. प्रत्येक जागेखालचा खडक वेगळा, म्हणून कुलाबा आणि अलिबाग यांचे मूळ आकडे वेगळे येणारच. पण आकाशातून येणारे बदल दोन्हीकडे जवळपास सारखे. दोन वर्षांच्या एकत्र नोंदींतून हा स्थायी फरक काढला आणि जुनी मालिका नव्या जागी जोडली गेली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. तोवर चुंबकांनी कुलाबा सोडला होता.

सरकारी नोकरीतला माणूस एवढ्यावर समाधान मानून वार्षिक अहवाल लिहीत बसला असता. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे कुलाब्याचे सारे चुंबकीय आकडे हाती घेतले. तासाला एक याप्रमाणे धरले तर साठ वर्षांत एकाच घटकाचे पाच लाखांहून अधिक आकडे होतात, आणि घटक अनेक: दिशा, क्षितिजसमांतर बल, उभे बल. यंत्रे मधल्या काळात बदललेली, त्यांच्या मापांची एकमेकांशी सांगड घालायची. गणकयंत्र नाही, बेरजा, सरासऱ्या, फरक सगळे हाताने. १९१० मध्ये हे काम दोन जाडजूड खंडांत छापून आले. पहिल्यात आकडे आणि उपकरणांचा इतिहास, दुसऱ्यात चर्चा.

चर्चेच्या भागातली एक कल्पना वैद्यकाशी संबंध असणाऱ्यांना चटकन ओळखीची वाटेल. समजा विषमज्वराचे शंभर रुग्ण आहेत, आणि ताप सरासरीने कसा चढतो-उतरतो ते पाहायचे आहे. तारखेनुसार सरासरी काढली तर काहीच दिसणार नाही, कारण प्रत्येकाचा ताप वेगळ्या दिवशी सुरू झालेला. आजाराचा पहिला दिवस, दुसरा दिवस असे मांडले की मात्र तापाची ओळखीची पायरी उभी राहते. मूस यांनी चुंबकीय वादळांचे असेच केले. घड्याळातली वेळ बाजूला ठेवून वादळ सुरू झाल्यापासूनचे तास मोजले आणि अनेक वादळे एकावर एक ठेवली. त्यातून वादळाचा सरासरी चेहरा दिसला. क्षितिजसमांतर बल सुरुवातीला एकदम थोडे उसळते, मग कित्येक तास खाली खाली जाते, आणि पुढे काही दिवसांत सावकाश पूर्वपदावर येते. पुढे सिडनी चॅपमन यांनी जगभरच्या वेधशाळांच्या आकड्यांवर हीच रीत वापरली, आणि वादळांच्या सिद्धांताचा तो पाया ठरला.

बल खाली का जाते, हे मूस यांच्या हयातीत पक्के ठाऊक नव्हते. इलेक्ट्रॉनचाच शोध १८९७ चा, म्हणजे ते संचालक झाल्यानंतरचा. आज चित्र असे आहे: सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा ढग स्वतःचे चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला धडकतो तेव्हा कवच दाबले जाते. ती पहिली उसळी. मग कण आत शिरून विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती कड्यासारखे फिरू लागतात. फिरणारे भार म्हणजे प्रवाह, आणि प्रवाह म्हणजे चुंबकीय क्षेत्र. या कड्याचे क्षेत्र आपल्या अक्षांशांवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेने असते, म्हणून आकडा घसरतो. कणांचे कडे विरले की आकडा परततो. ध्रुवांजवळच्या वेधशाळांत हे चित्र तिथल्या प्रकाशझोतांच्या गोंधळात बुडून जाते. मुंबईसारख्या कमी अक्षांशावर ते स्वच्छ दिसते. कुलाबा-अलिबागच्या आकड्यांना जगात मोल आले ते यामुळेही.

मूस यांच्या काळात मोठी वादळे आली. ३१ ऑक्टोबर १९०३ चे कुलाब्यात टिपले गेले. २५ सप्टेंबर १९०९ च्या वादळात जगभर तारायंत्रांचा बोजवारा उडाला, ते अलिबागच्या नव्या इमारतीने टिपले. जागा बदलूनही दोन्ही वादळे एका मापाने तोलता येतात, हे त्या दोन वर्षांच्या दुहेरी मोजमापाचे फळ.

१९१९ मध्ये मूस निवृत्त झाले. २३ वर्षे एकाच खुर्चीत. १९२५ मध्ये मुंबईत विजेची आगगाडी सुरू झाली, तीही एकदिश प्रवाहावर, आणि तिचे प्रवाह ट्रामपेक्षा कितीतरी मोठे. ट्रामचा प्रश्न तेव्हा कसाबसा टोलवला असता, तरी हा आघात कुलाब्याला सोसवला नसता.

१९३६ मध्ये मूस यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेत पॉलिंग आणि कोरिएल यांनी रक्ताच्या चुंबकत्वावर एक शोध प्रसिद्ध केला. हिमोग्लोबिनमध्ये लोह असते हे सर्वांना ठाऊक होते. त्यांनी दाखवले की प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरते आणि प्राणवायू सोडलेले किंचित ओढले जाते. फरक अगदी सूक्ष्म, पण मेंदूचा कुठला भाग या क्षणी काम करतो आहे ते दाखवणाऱ्या आजच्या एमआरआय चाचणीचा तोच आधार. यातूनच एका जुन्या गैरसमजाचेही उत्तर मिळते. रक्तातले लोह म्हणजे लोखंडाचा कीस नव्हे. त्यातले अणू एकेकटे, प्रथिनात जखडलेले असतात, त्यांची रांग होत नाही. १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र अलिबागच्या नैसर्गिक क्षेत्राच्या सुमारे ३५ हजार पट असते, आणि तिथे अर्धा तास पडून राहिलेल्या माणसाचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही. मग बाजारात मिळणाऱ्या चुंबकाच्या कड्याने रक्ताभिसरण सुधारते किंवा गुडघा बरा होतो, हे मानायला जागा कुठे उरते? त्या चुंबकाची जपणूक करायचीच तर पेसमेकर बसवलेल्यांनी त्याला छातीपासून लांब ठेवून करावी, कारण तिथे मात्र चुंबक यंत्राची चाल खरोखरच बदलू शकतो.

चुंबकीय वादळाने जमिनीवरच्या माणसाला थेट इजा होत नाही. धोका असतो तो तारांना. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोक नऊ तास विजेविना राहिले. वीज गेली की पाण्याचा पंप, लशींचा फ्रीज, अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटर, सगळेच टांगणीला लागते. म्हणून असे वादळ जास्तीत जास्त किती मोठे असू शकते, याचा अंदाज बांधणे हा आता नुसता विद्वानांचा छंद राहिलेला नाही. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना, शोभना अ‍ॅलेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अंदाज बांधायला घेतला, तेव्हा त्यांना १८५९ च्या वादळाचे नीट, मिनिटांच्या अंतराने घेतलेले आकडे हवे होते. ते मिळाले कुलाब्याच्या जुन्या नोंदींत.

कुलाबा-अलिबागचे काम १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आले, संस्थेचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. अलिबागचे आकडे जगभरच्या वेधशाळांच्या जाळ्यात जातात. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले इथल्या आकाशात लाल प्रकाश दिसला, त्या वादळाची घसरणही अलिबागला मोजली गेली. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली आणि रूळ उखडले गेले. भरती-ओहोटी पाहून कुलाबा किल्ल्यावर जाणाऱ्या सहलीच्या घोळक्यांना किनाऱ्याजवळच्या त्या पोरबंदरी दगडाच्या इमारतीत काय चालते, हे बहुधा ठाऊक नसते. आत अजून लोखंड नेऊ देत नाहीत.